तीस दिवसांची मुदत

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
माझं मुंग्यांच्या पावलांनी आलं,
अंगठ्यापासून घोट्यापर्यंत चढलं
आणि वारूळ करून राहिलं.

एकवीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली
थंडर बेच्या उतारांवर, बर्फात.
घसरण पायाला आधी कळायची,
डोळ्यांना मागाहून.
आता मोजा घातलाय की नाही
हे वाकून बघावं लागतं,
आणि रात्री दोनला चादरीचा नुसता काठ टेकला
की तापलेली तार ओढावी तशी कळ
गुडघ्यापर्यंत जाते.
बधिर तोच पाय, ठणकतो तोच पाय.
डॉक्टर ओबिन्ना म्हणाले, नसांचं असंच असतं, हेल्मी.

त्यांना दिव्याचं विचारलं.
लाल दिव्यांचे पट्टे, पायांना गुंडाळायचे,
वीस मिनिटं, दिवसातून दोनदा.
ते पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.
"अपाय नाही.
उपाय आहे, असं मी म्हणणार नाही."

सहाशे चाळीस डॉलर.
रेइनोचं बर्फाला भोक पाडायचं यंत्र विकलं.
तो जाऊन सहा वर्षं झाली,
दर नोव्हेंबरात त्याला तेल मीच द्यायचे, यंत्राला.
घेणारा पोरगा माझ्याच बसमधला, डिलन,
मागच्या सीटवर उलट्या करणारा.
आता दाढी आहे त्याला. त्याने घासाघीस केली नाही,
म्हणून जास्तच वाईट वाटलं.

फोनवरची बाई गोड बोलत होती.
पेशी जाग्या होतात, म्हणाली.
म्हटलं, बाई, माझ्या पेशी झोपल्यात कुठे,
रात्रभर सोबतीला त्याच तर असतात.
ती हसली नाही.
तिच्यासमोरच्या कागदावर याचं उत्तर नसावं.
गुण नाही आला तर तीस दिवसांत परत, म्हणाली,
खोकं मात्र फाडू नका.

पहिल्या संध्याकाळी, पाचलाच अंधार,
स्वयंपाकघरात पट्टे गुंडाळून बसले.
उजेड काचेतून बाहेरच्या बर्फावर सांडला.
सातव्या मिनिटाला दार धडधडलं.
समोरची पॉलीन,
गाऊनवर नवऱ्याचा कोट,
हातात आग विझवायचं नळकांडं.
"आग कुठाय?"
मी पायांकडे बोट दाखवलं.

नळकांडं तिने फ्रिजला टेकवलं, अजून तिथंच आहे.
मग खुर्ची ओढून बसली,
आणि कोटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं शिवण मारलेलं
उजवं मनगट
न विचारता माझ्या पट्ट्याखाली सरकवलं.

वहीत आकडे लिहिते, दहापैकी.
सात. सात. सहा, पण त्या दिवशी ऊन होतं.
आठ. सात.
एका दिवशी लिहायचंच राहिलं.
दुखलं नाही म्हणून,
की पॉलीनने पत्त्यांत चार डॉलरला लुटलं म्हणून,
आठवत नाही.
तिथं ओळ रिकामी ठेवली आहे.
आकडा ठोकून देता आला असता,
पण बसची नोंदवहीसुद्धा मी कधी खोटी भरली नाही.

आज एकोणतिसावा दिवस.
उद्या पोस्ट पाचला बंद होतं.
पॉलीन म्हणते, ठेव.
तिला काय, तिचं मनगट फुकटात.

पट्टे बांधते, बटण दाबते.
मी लाल दिवे लावले की
अख्खा रस्ता थांबायचा, दोन्ही बाजूंनी,
लाकडाचे ट्रकसुद्धा.
मुंग्यांनी तो नियम वाचलेला नाही.
तरी वीस मिनिटं मी कुणाला काही विचारत नाही,
पायांनाही नाही.

बाहेर बर्फ लोटणारी गाडी
माझ्या खिडकीसमोर हळू झाली, थांबली.
सवयीने हात वर केला:
जा बाबा, इथं कुणी ओलांडत नाहीये.

खोकं फाडलेलं नाही.
पॉलीनने त्यात संत्री आणून ठेवली आहेत.